पाणी चालायचा वेळ

“ताई, तुमच्या घरी नळाला रोज पाणी येतं का?”

विचारून झाल्यावर घुमीनं आधी माइक बंद केला आणि मग श्वास घेतला. मागे शिंप्याची पोर आणि चष्मेवाली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. शहरातून लॅपटॉपवर शिकवणाऱ्या ताईंना अभ्यासाबाहेरचा एक प्रश्न विचारायचा. विचारला तर महिनाभर पंख्याखालची खुर्ची घुमीची.

घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी पाहुणे आले की ही दाराआड. कुणी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहायची. आत्यानं एकदा घुमी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पण यंदा हा संगणकाचा वर्ग सुरू झाला आणि पोरीची जीभ अशी काही सुटली, की आई म्हणायची, “हिच्या तोंडालाही एक गेट बसवा हो कुणीतरी.”

पडद्यावर ताईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सगळ्यांना वाटलं, रागावल्या. मग कळलं, नेट अडकलंय.

“येतं,” हलायला लागल्यावर ताई म्हणाल्या. “चोवीस तास येतं. खरं सांगू? मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे कसं येतं?”

झालं. अकरा पोरं एकदम बोलायला लागली. ताईंनी कानाला हात लावले आणि म्हणाल्या, “जिनं विचारलं तिनंच सांगावं.”

मग घुमीनं सांगितलं. यंदा धरण खाली गेलंय. पूर्वी पाटाला आठवड्यातले चार दिवस पाणी असायचं, आता फक्त साठ तास. गुरुवारी सकाळी सहाला सुरू, शनिवारी संध्याकाळी सहाला बंद. साठ तास आणि चौदा शेतं. प्रत्येकाला जमिनीच्या मापानं वेळ ठरलेली. एकाच्या शेताचं दार, म्हणजे गेट, बंद करून दुसऱ्याचं उघडायचं, ह्याला म्हणायचं पाळी. ही पाळी सांभाळतो तो पाटकरी. “आणि पाटकरी म्हणजे माझे बाबा,” ती म्हणाली. “यंदा पाणी कमी म्हणून रोज भांडणं. तू पाच मिनिटं जास्त घेतलीस, तू माझी दहा खाल्लीस. आणि सगळी पाळी बाबांच्या डोक्यात. कागद नाही, काही नाही.”

“मग तुझा प्रकल्प ठरला,” ताई म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात तक्ता शिकलात ना? बाबांच्या डोक्यातली पाळी तक्त्यात आण.”

घुमी घरी चालत गेली नाही. उडत गेली.

बाबा ओट्यावर बसून फावड्याला चिकटलेला चिखल खरवडत होते. रबरी बूट बाजूला उलटे ठेवलेले. बारा वर्षं पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांची बोटं पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती, आणि फावडं वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. घुमीनं वही उघडली. पहिलं शेत कुणाचं? किती वेळ? दुसरं? बाबा न अडखळता सांगत गेले. अगदी शेवटी टोकाची मावशी. पाटाच्या पार टोकाला तिचं एवढंसं शेत, एकटीच कसते, म्हणून तिचं नाव टोकाची मावशी.

“तिला दोन तास,” बाबा म्हणाले. “पण तिचं जरा...”

“दोन तास. लिहिलं.”

“अगं, पुढं ऐक तरी.”

“बाबा, बेरीज बरोबर साठ आली! बघा ना, बरोबर साठ!”

तिला एवढा आनंद झालेला बघून बाबांनी फावडं पुन्हा हातात घेतलं.

पुढच्या रविवारी शेतकऱ्यांच्या पाणी संस्थेच्या खोलीत बैठक भरली. ज्या टेबलावर पोरांचा वर्ग भरायचा, त्याच टेबलाभोवती शेतकरी उभे होते. मावशी तेवढी आली नव्हती. तिची कोबीची रोपं लावायला आली होती आणि ती वाफे तयार करण्यात गुंतली होती. घुमीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. चौदा ओळी, चौदा नावं. कुणाची पाळी कधी सुरू, कधी संपणार, मिनिटासकट. तोच तक्ता प्रत्येकाच्या फोनवर. पाळीआधी पंधरा मिनिटं फोन वाजणार. पाणी मिळालं की ज्यानंत्यानं चौकोनावर बोट ठेवायचं, चौकोन हिरवा होणार.

“अरे वा!” अध्यक्ष म्हणाले. त्यांचं बियाण्याचं दुकान होतं, आणि वा म्हणताना ते नेहमी हिशेबानं म्हणत. आज मात्र मनापासून म्हणाले. “म्हणजे आता तंटाच मिटला.”

तेराव्या शेताचा मालक, दूधवाला, आपल्या फोनवर बोट फिरवत म्हणाला, “माझं दोन ते चार. पक्कं ना? मग दोन ते चार म्हणजे दोन ते चार. कुणी मध्ये बोट घालायचं नाही.”

बाबा दाराशी उभे होते. बूट बाहेर काढून आलेले, अनवाणी. त्यांनी घसा साफ केला.

“आणि पाणी चालतं त्याचा वेळ?”

“काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही, म्हणजे पाण्यालाही चालायला वेळ लागतो. तो ह्यात कुठं...”

“बाबा,” घुमी हसून म्हणाली, “आता अंदाजाचे दिवस गेले. सगळं सूत्रात बसवलंय.”

खोलीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “पाटकरी, शिका आता! पोरगी बापाची मास्तरीण झाली!” बाबाही हसले. बैठक संपायच्या आतच बूट घालून पाटाकडे निघूनही गेले. घुमीच्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही. ती टाळ्या मोजत होती.

मावशीकडे साधा बटणांचा फोन. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घुमी स्वतः तिला पाळी वाचून दाखवायला गेली. तेराव्या शेतापर्यंत पाट सिमेंटचा होता. तिथून पुढं सिमेंट संपलं होतं. भेगाळलेल्या मातीतून, दगडगोट्यांतून पाट लांबवर वळसे घेत मावशीच्या बांधाला जाऊन भिडायचा. घुमी त्या काठानं धुळीत पाय आपटत, गाणं गुणगुणत गेली.

“शनिवार, चार ते सहा,” तिनं फोनवरून ऐटीत वाचलं.

मावशी वाफ्यात उकिडवी बसलेली. “चार म्हणजे गेटवर चार, का माझ्या वाफ्यात चार?”

“चार म्हणजे चार, मावशी! घड्याळातले.”

“बरं बाई,” मावशी म्हणाली. “मी आपली अडाणी. तुझा बाप आहे तिथं, म्हणजे काळजी नाही.” आणि हातातलं ढेकूळ फोडून तिनं वाफा सारखा केला. “गुरुवारी रोपं लावते मग. लावताना पाणी डोक्यावरून आणीन. शनिवारचं मात्र पोटभर हवं गं. लावल्यावरचं दुसरं पाणी चुकलं की रोप मान टाकतं ते टाकतंच.”

“मिळेल की!” घुमी म्हणाली, आणि शिंप्याच्या पोरीला गाठायला पळाली.

पहिल्या शनिवारी ती दुपारपासून उंबऱ्यात फोन घेऊन बसली. एकेक चौकोन हिरवा होत होता. प्रत्येक वेळी ती “झाला!” म्हणून ओरडायची आणि आतून आई म्हणायची, “काय झालं? कोण झालं?” चारला तेरावा हिरवा झाला. सहा वाजले, सव्वासहा झाले. चौदावा पांढराच. असणारच, मावशीच्या फोनला कुठला तक्ता दिसायला! सोमवारी ताई शिकवायच्या त्या सगळ्या गावांतल्या पोरांचे प्रकल्प त्यांच्यासमोर दाखवायचे होते. तेरा हिरवे आणि एक पांढरा, म्हणजे नव्या कपड्यावर डाग. घुमीनं स्वतःच चौदाव्यावर बोट ठेवलं.

बाबा अंधार पडता पडता आले. कोपरापर्यंत चिखल. आईनं दिवा जवळ धरला.

“अहो, खांद्याला काय हे? साल निघालीय.”

“दांडा घासला फावड्याचा.”

“फावड्याचा दांडा दोन्ही खांद्यांना घासतो वाटतं!”

“बाबा, हे बघा,” घुमीनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. “चौदाच्या चौदा हिरवे!”

बाबांनी वाकून चौदाव्या चौकोनाकडे बघितलं.

“छान दिसतंय,” ते म्हणाले, आणि हात धुवायला मागे गेले.

सोमवारी घुमी न अडखळता अकरा मिनिटं बोलली. बारा गावांची पोरं ऐकत होती. ताईंनी तिचं नाव पुकारलं, तेव्हा चष्मेवालीनं टेबल वाजवलं. पुढच्या सहा महिन्यांच्या वर्गासाठी साऱ्यांतून दोघींची निवड झाली होती, त्यातली एक घुमी. शिकायला स्वतःचा लॅपटॉप मिळणार होता. शिवाय ताई म्हणाल्या, “हा तक्ता आपण बाकीच्या गावांनाही देऊ या.” घुमीला तर जमिनीवर पायच टेकवत नव्हता. त्या आठवड्यात वारा तापला. दुपारी रस्त्यावरून चालताना गालांना चटके बसत. तिनं ते ताईंना मजेनं सांगितलंसुद्धा, “आमच्याकडे पंखा बाहेरच लावलाय, गरम हवेचा!”

दुसरा शनिवारही तसाच गेला. चौदावा चौकोन ह्या वेळी तिनं न थांबता हिरवा केला.

मंगळवारी शाळेत शिंप्याच्या पोरीनं तिला कोपऱ्यात ओढलं.

“खरं का गं? तुझे बाबा म्हणे गेटवर झोपले?”

“कोण म्हणतं?”

“सगळे. काल अध्यक्ष टोकाकडे गेले होते. मावशीची सगळी कोबी जळालीय. त्यांनी तुझ्या बाबांना विचारलं, तक्ता एवढा पक्का असताना असं कसं झालं. तर बाबाच म्हणाले, माझा डोळा लागला, दोन्ही शनिवारी गेट उशिरा उघडलं. आता पाटकरीपण काढून घेतायत. गुरुवारी सकाळी सगळ्यांसमोर गेटची चावी द्यायची म्हणे.”

घुमीच्या कानांतून वाफ निघाली. दप्तर आपटत ती घरी आली. बाबा ओट्यावर होते.

“बाबा, तुम्ही झोपलात?”

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

“दोन्ही वेळा? मी एवढं बसवून दिलं, फोन वाजतो, सगळं सोपं, आणि तुम्ही झोपलात? लोक म्हणतील, हिचा तक्ताच कुचकामी!”

“तक्त्याला कुणी काही म्हणणार नाही,” बाबा सावकाश म्हणाले. “मी तसं सांगितलंय सगळ्यांना. चुकलं माझं.”

आई चुलीपाशी बसल्या बसल्या काहीतरी बोलणार होती. बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती उठून बाहेर गेली.

बुधवारी शाळा सुटल्यावर घुमी टोकाकडे निघाली. वडिलांच्या वतीनं माफी मागायची, असं तिनं ठरवलं होतं. वाटेत वाक्यंसुद्धा पाठ केली होती. बांधावर पोचली आणि वाक्यं गेली.

शेताचा बांधालगतचा एक पट्टा हिरवा होता, चार वाफ्यांचा. बाकी सगळ्या वाफ्यांत कोबीची रोपं जमिनीला चिकटून पडली होती, जुन्या कागदासारखी पिवळी, कडा करपलेल्या. मावशी एकेक उपटून बाजूला टाकत होती. उपटायला जोरही लागत नव्हता.

“ये,” ती म्हणाली. “उन्हात उभी राहू नको, इकडं सावलीला बस.”

“मावशी, बाबांचं चुकलं. ते...”

“काय चुकलं त्याचं?”

“ते झोपले.”

मावशीचा हात थांबला. “तुझा बाप? पाळी चालू असताना?” ती हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. “अगं, ताप असला तरी तो माणूस गेटवर उभा असतो. शनिवारी कुठं होता सांगू? तेराव्या गेटवर. दूधवाल्यासमोर हात जोडून. मी इथून चालत गेले बघायला, पाणी का येत नाही म्हणून. तुझा बाप म्हणत होता, सात मिनिटं आधी सोड रे, फक्त सात मिनिटं. आणि दूधवाला त्याला फोन दाखवत होता, बघ, चार म्हणजे चार. वरचेही सगळे तसेच म्हणे, पहिल्यापासून. कुणी सात मिनिटं सोडेना.”

“सात मिनिटं कशाला?”

“ते तुझ्या बापालाच ठाऊक. मला एवढंच माहीत, की चारला त्यानं दूधवाल्याचं दार बंद केलं, आणि पाणी माझ्या बांधाला साडेपाचला लागलं. ही माती उन्हाळ्यात पिते गं, अशी पिते! आणि सहाला पाणी पलीकडच्या गावाच्या चारीला, त्यांच्या पाटाला, वळवायचं. ती माणसं तेराव्या गेटपाशीच फावडी घेऊन उभी असतात, एक मिनिट थांबत नाहीत. अर्धा तास मिळाला मला. दोन्ही वेळा.” तिनं हिरव्या पट्ट्याकडे बोट केलं. “ते दिसतंय ना, ते पाटाचं पाणी नाही. सहानंतर तुझ्या बापानं खांद्यावर आणून घातलंय, दोन दोन डबे, विहिरीवरून. किती आणणार माणूस? मी म्हटलं, पुरे आता, खांदे सोलले तुझे.”

घुमी खाली बसली. तिच्या डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले होते. वर्गाच्या दोन महिन्यांत तेवढं तर ती नक्की शिकली होती. तेरा शेतं. प्रत्येकाची सात मिनिटं. तेरा साते एक्याण्णव. दीड तास. पाणी मातीतून चालत मावशीपर्यंत यायला लागतो तेवढाच.

बारा वर्षं बाबा प्रत्येकाचं दार सात मिनिटं आधी बंद करत आले होते. कुणाला कळत नव्हतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि टोकाला दोन तास पाणी पोचत होतं. आता प्रत्येकाच्या हातात तिनंच मिनिटं दिली होती, आणि सगळे आपापली मिनिटं मुठीत घट्ट धरून उभे होते.

“तू मला विचारलं होतंस,” ती म्हणाली. “गेटवर चार का वाफ्यात चार.”

“विचारलं होतं खरं.”

“मग मला रागावली का नाहीस?”

मावशीनं हातातलं रोप झटकलं. मुळाशी मातीसुद्धा चिकटलेली नव्हती. “रागावून काय, हे उभं राहणारेय? आणि तुझा बाप येऊन सांगून गेला, पोरीला काही बोलू नकोस. पहिल्यांदा चार माणसांत बोलायला लागलीय म्हणाला. पुन्हा दाराआड जाऊन बसेल.”

घुमीनं खाली वाकून रोपं उपटायला घेतली. दोन वाफे झाल्यावर मावशी म्हणाली, “जा आता, आई वाट बघेल.”

ती घरी गेली नाही, आधी संस्थेच्या खोलीत गेली. कुणीच नव्हतं. लॅपटॉप उघडून तिनं ताईंना पत्र लिहिलं. एरवी ती ताईंना लांबलचक लिहायची, उद्गारचिन्हांचा पाऊस पाडायची. आज चारच ओळी झाल्या. तक्ता चुकला आहे. मातीतून पाणी चालतं त्याचा वेळ मी धरला नाही, बाबा सांगत होते तरी. चौदावा चौकोन दोन्ही वेळा मी स्वतः हिरवा केला, तिथलं पीक मेलं आहे. कृपा करून हा तक्ता दुसऱ्या कुठल्याही गावाला देऊ नका, आणि माझ्या निवडीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बोट बराच वेळ बटणावर होतं. मग तिनं ते दाबलं. पत्र गेलं. नेट त्या दिवशी जराही अडकलं नाही.

घरी पोचली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. बाबांनी पाटाचं सामान मांडून ठेवलं होतं: फावडं धुऊन पुसलेलं, बूट स्वच्छ, पाना तेल लावलेला, आणि गेटची लांब लोखंडी चावी गोणपाटावर. ते चावीच्या दातांतला गंज काडीनं काढत होते. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू घाण कशी द्यायची! आई शेजारी बसून होती, नुसतीच.

“बाबा, तुम्ही झोपला नव्हता,” घुमी म्हणाली.

काडी थांबली. “मावशीकडे गेलीस वाटतं.”

“तुम्ही मला तीनदा सांगायला बघितलंत.”

“तीनदा नाही. दोनदा.” काडी बाजूला टाकून ते म्हणाले, “मीच जोरात सांगायला पाहिजे होतं. मलाही ते कधी मांडून सांगता आलं नाही. नुसतं करत आलो.”

“तू का गप्प बसलीस?” ती आईकडे वळली.

“ह्यांनी शपथ घातली,” आई म्हणाली. “म्हणाले, चावी काय, कुणीही फिरवेल. पोरगी बोलायची थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही.”

बाबा चावीवरून अंगठा फिरवत होते. “जाऊ दे आता. झालं गेलं. तू तुझं पुढचं शिक. उद्या तू तिकडं येऊ नकोस. उगाच चार लोक काही बोलतील, आणि एकदा हसं झालं की परत कुणी तुझं ऐकून घ्यायचं नाही.”

घुमी त्यांच्यासमोर उभी राहिली. हातांना रोपांचा वास होता. पाठ केलेलं एकही वाक्य आता तिच्याकडे नव्हतं, आणि तरी शब्द येत होते.

“मी येणार आहे,” ती म्हणाली. “उद्या साडेपाचला, तुमच्याबरोबर. सगळे जमले की आधी मी बोलणार. तक्ता चुकला, पाटकरी नाही. हिरवा चौकोन खोटा होता, आणि तो मी केला. सात मिनिटांचं पण सांगणार, ती कुठं जायची ते. दूधवाला ओरडेल, ओरडू दे. हसले तर हसू दे. ताईंना मी कळवलंय, लॅपटॉप मिळो नाहीतर न मिळो. मावशीची कोबी काही परत येत नाही, ते मला कळतंय, बाबा. पण तुम्ही ती चावी स्वतःहून कुणाच्या हातात द्यायची नाही. मी बोलून खाली बसेपर्यंत तरी नाही.”